जॅकेट बोटीत नको, अंगात पाहिजे : नदी-धरणावर छोटी मोटरबोट वापरताना काय लागतं, कसं वापरायचं

नांदेड / लातूर : ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच लातूर जिल्ह्यात २८ सप्टेंबर २०२१ रोजी मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडल्यावर नदीकाठची अडकलेली माणसं बोटीनं आणि हेलिकॉप्टरनं काढावी लागली. नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातल्या रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांना १८ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे लेंडीच्या पुरानं वेढलं, हसनाळमध्ये माणसं दगावली आणि बचावासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या व लष्कराच्या तुकड्या आल्या. बोट ही आता फक्त कोकणातली गोष्ट राहिलेली नाही.

पण आपल्याकडं बोट आली, बोटीची शिस्त मात्र अजून यायची आहे. जॅकेटं बोटीत असतात, पण एका कोपऱ्यात ढीग करून. कुणी त्यावर बसतं, कुणी उशाला घेतं. बोट उलटते तेव्हा ती सेकंदात उलटते. तेव्हा जॅकेट शोधायला, घालायला, बकल लावायला वेळ मिळत नाही. म्हणून या सगळ्या माहितीचा सार एकच आहे : जॅकेट काठावर घालायचं, काठावर आल्यावरच काढायचं. बाकीचं सामान त्याच्या जोडीला.

बोट कुणाकुणाला लागते

दोन्ही जिल्ह्यांत बोट वापरणारे साधारण चार प्रकारचे लोक आहेत.

पहिले मासेमारी करणारे. विष्णुपुरीचा शंकर सागर जलाशय, कंधार-लोह्याकडं मानार आणि लिंबोटी, लातूरच्या बाजूला मांजरा, निम्न तेरणा, शिवाय गावोगावचे साठवण तलाव. इथं फायबरच्या छोट्या होड्या, काही ठिकाणी मागं लावायचं इंजिन, तर काही ठिकाणी थर्माकोलचा चप्पू चालतो.

दुसरे शेतकरी. नदीकाठी किंवा धरणाच्या फुगवट्यात ज्यांच्या पाण्याच्या मोटरी आहेत, त्यांना पाणी चढलं की मोटर वर घ्यावी लागते, उतरलं की फुटबॉल पुढं सरकवावा लागतो. हे काम बहुतेक वेळा घाईत, एकट्यानं, चप्पूवर किंवा ट्यूबवर बसून होतं. पैलतीराला शेत असलेली माणसंही असंच जातात.

तिसरे पुराच्या वेळी माणसं काढणारे. सरकारी पथक पोचेपर्यंत गावातलेच पोहणारे गडी आधी पाण्यात उतरतात. आणि चौथे म्हणजे अस्थी विसर्जन, गणपती विसर्जन किंवा सहज फेरी म्हणून बोटीत बसणारी कुटुंबं. यात बायका, लेकरं, म्हातारी माणसं असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पोहता येत नाही.

तीन दुर्घटना काय सांगतात

सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथं ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली. १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पाणी चढतंय, जो तो आधी निघायला बघतोय, अशा वेळी 'बास, आता पुढच्या फेरीला' असं म्हणणारा माणूस लागतो. ते म्हणणं अवघड असतं, पण तेच जीव वाचवतं.

उजनी जलाशयात २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली बोट अचानक आलेल्या वादळात बुडाली. सात जणांपैकी एक जण पोहत काठाला लागला, सहा जण गेले. दिवस पुराचे नव्हते. मे महिना होता, वळवाचं वादळ होतं. आपल्याकडंही मे-जूनमध्ये दुपारनंतर असंच वारं सुटतं. धरणाच्या उघड्या पाण्यावर त्या वाऱ्याला अडवायला झाड ना टेकडी.

त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ मे २०२४ रोजी, अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या सुगाव इथं प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. ही शिकलेली, सरावाची माणसं होती. तेव्हा 'मला पोहता येतं, मला काय होतंय' हे म्हणणं किती पोकळ आहे ते यावरून कळावं. विहिरीत मुटके मारणं वेगळं आणि कपडे-बूट अंगात असताना, डोक्याला बोटीचा काठ लागलेला असताना, ओढीच्या पाण्यात तरंगणं वेगळं.

जॅकेट कोणतं घ्यायचं

माणसाचं अंग पाण्यात तसं हलकंच असतं. तोंड पाण्याच्या वर राहण्यासाठी मोठ्या माणसाला साधारण ३ ते साडेपाच किलोचा जादा उचल लागतो. तो उचल जॅकेटमधला फोम देतो. जॅकेटच्या आतल्या पट्टीवर हा उचल 'न्यूटन' या मापात लिहिलेला असतो. सोपा हिशोब असा की १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलोचा उचल.

- ५० न्यूटन : पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळच्या संथ पाण्यात. हे फक्त तरंगायला मदत करतं, बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही.
- १०० न्यूटन : नदी, तलाव, धरण यासाठी. याला मानेमागं कॉलर असते. बेशुद्ध माणसाला उताणं करून तोंड वर राहावं अशी त्याची बांधणी असते. आपल्याकडच्या वापरासाठी किमान हे पाहिजे.
- १५० न्यूटन : खवळलेलं पाणी, अंगावर जड कपडे-सामान, बचावकाम यासाठी.

पट्टीवर आयएसओ १२४०२ हा मानक क्रमांक आणि किती किलो वजनाच्या माणसासाठी ते आहे, हे दोन्ही पाहावं. ज्या जॅकेटवर काहीच लिहिलेलं नाही, नुसतं नारंगी कापड आणि आत पातळ स्पंज आहे, ते घेऊ नये. साधा गादीचा स्पंज पाणी पितो आणि जड होतो. जॅकेटमध्ये पाणी न पिणारा, बंद छिद्रांचा फोम असतो.

हवा भरून फुगणारी जॅकेटंही मिळतात. त्यांना गॅसची नळकांडी लागते, ती बदलावी लागते, काटा लागला तर पंक्चर होतात. बाभळीच्या काठावर, गाळात, जाळ्यात काम करणाऱ्यांना फोमचंच बरं. रंग नारंगी किंवा पिवळा घ्यावा, तो गढूळ पाण्यात लांबून दिसतो. निळं, काळं, हिरवं दिसत नाही. खांद्यावर चमकपट्टी असली तर रात्री बॅटरीच्या उजेडात माणूस सापडतो. प्रत्येक जॅकेटला शिट्टी बांधलेली असावी. पाण्यात पडलेल्या माणसाचा आवाज दोन-चार हाकांत बसतो, शिट्टी बराच वेळ वाजवता येते.

घालायचं कसं

१. जॅकेट शर्टासारखं घालून पुढची चेन आणि सगळी बकलं लावा. एक बकल लावून भागत नाही.

२. कंबरेचा पट्टा आधी आवळा, मग छातीचा. श्वास घेता आला पाहिजे, पण जॅकेट हलता कामा नये.

३. तपासणी अशी करा : घालणाऱ्यानं दोन्ही हात वर करावेत आणि दुसऱ्यानं जॅकेट खांद्याला धरून वर ओढावं. जॅकेट हनुवटीच्या वर, कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे किंवा मोठं आहे. पाण्यात ते असंच वर निघून जाईल आणि माणूस खालून निसटेल.

४. दोन मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असेल तर तो लावायचाच. लेकरांच्या जॅकेटला हा पट्टा हवाच.

५. साडी नेसलेल्या बाईनं पदर आणि शालीचं टोक आत खोचून वरून जॅकेट घालावं. ओढणी, उपरणं, बुरख्याचा मोकळा भाग इंजिनाजवळ लोंबू देऊ नये.

मोठ्या माणसाचं जॅकेट लेकराला घालणं म्हणजे न घातल्यासारखंच आहे. लेकरू खालून निसटतं आणि जॅकेट तेवढं वर तरंगत राहतं. लेकरांचं जॅकेट वजनावर घ्यावं, वयावर नाही. तान्ह्या लेकराला छातीशी कपड्यानं बांधून बोटीत बसू नये. आई पाण्यात उताणी-पालथी झाली तर लेकरू अडकून राहतं.

गमबूट, जड चपला बोटीत बसण्याआधी काढाव्यात किंवा सैल ठेवाव्यात. मोबाईल प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून गळ्यात नाही, खिशात ठेवावा. गळ्यातली दोरी अडकते.

जपायचं कसं

जॅकेट खराब होतं ते वापरून कमी आणि टाकून ठेवून जास्त. उन्हात पडलेलं कापड विरतं, फोम आकसतो. त्यावर बसल्यानं, पोती ठेवल्यानं फोम दबतो आणि उचल कमी होतो. ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा आखाड्यावर ठेवलं तर उंदीर कुरतडतात.

वापरून झालं की साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, खुंटीला टांगून ठेवा. दरवर्षी मे महिन्यात, मृगाच्या आधी, एकेक जॅकेट तपासा. बकल जोरात ओढून बघा, शिवण बघा, फोम दाबून सोडा आणि तो परत फुगतो का बघा. शेवटची परीक्षा पाण्यातली. काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात, दुसरा माणूस जवळ उभा असताना जॅकेट घालून पाय उचला. तोंड आरामात वर राहिलं तर जॅकेट चांगलं. नाकापर्यंत पाणी आलं तर ते बाजूला काढा आणि कापून टाका, नाहीतर पुन्हा कुणीतरी तेच वापरेल.

रिंग, दोरी, डबा, वल्हं

जॅकेटच्या खालोखाल महत्त्वाची गोष्ट म्हणजे फेकायची रिंग. रिंगला तरंगणारी दोरी बांधलेली पाहिजे, २० ते ३० मीटर लांब. सुताचा नाडा भिजून बुडतो आणि इंजिनाच्या पंख्यात अडकतो. प्लास्टिकची हलकी दोरी तरंगते. रिंग माणसाच्या डोक्यावर फेकू नये. त्याच्या पलीकडं फेकून दोरी त्याच्या हातापर्यंत ओढून आणावी. वाहत्या पाण्यात त्याच्या थोडी वरच्या बाजूला फेकावी, म्हणजे ती वाहत त्याच्याकडं जाते.

रिंग नसेल तर पाच लिटरचा रिकामा, घट्ट बूच लावलेला तेलाचा कॅन कासऱ्याला बांधून ठेवावा. तो जवळपास पाच किलोचा उचल देतो. आपल्याकडं विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचे, त्यातलीच ही गोष्ट. पण हा कॅन फेकायच्या कामाचा, जॅकेटच्या बदल्यात नाही.

याशिवाय बोटीत पाहिजे :

- दोन वल्ही. इंजिन बंद पडलं तर बोट ओढीला लागते.
- लंगर आणि त्याची दोरी. दोरी पाण्याच्या खोलीच्या तीन-चार पट तरी असावी, नाहीतर लंगर घसरत राहतो. लंगर नेहमी बोटीच्या नाकाला बांधायचा, मागं नाही. मागं बांधला तर ओढीचं पाणी मागच्या बाजूनं आत येतं.
- पाणी उपसायला डबा, तो दोरीनं बांधलेला.
- पाण्यात चालणारी बॅटरी आणि जादा शिट्टी.
- जाळं किंवा दोरी कापायला चाकू, म्यानात.
- पेट्रोलवर चालणारं इंजिन असेल तर छोटं आग विझवायचं नळकांडं. पेट्रोल भरताना इंजिन बंद, बिडी बंद, माणसं काठावर.

इंजिनची लाल दोरी

बाहेरून लावायच्या इंजिनाबरोबर एक लाल, स्प्रिंगसारखी दोरी येते. तिचं एक टोक इंजिनच्या बटणात अडकवायचं आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला, मांडीला किंवा जॅकेटला. चालवणारा बोटीबाहेर पडला की दोरी निसटते आणि इंजिन जागेवर बंद होतं.

बरेच चालक ही दोरी बांधत नाहीत. ती इंजिनलाच गुंडाळून ठेवतात. मग चालवणारा पडला तर बोट मोकाट सुटते, गोल फिरते आणि पडलेल्याच माणसांवर पंखा घेऊन परत येते. पंख्याची जखम कोयत्याच्या घावासारखी असते. म्हणून दोन नियम पाळायचे : दोरी बांधल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, आणि माणूस पाण्यातून वर घेताना इंजिन पूर्ण बंद करायचं. नुसतं न्यूट्रल करून भागत नाही.

एक जादा लाल दोरी बोटीत ठेवावी. चालवणाराच पडला तर मागं राहिलेल्यांना इंजिन सुरू करून त्याला आणायला जाता आलं पाहिजे. म्हणूनच इंजिन सुरू-बंद करता येणारा दुसरा माणूस प्रत्येक फेरीत असावा.

किती माणसं बसवायची

बोटीवर पाटी असते, त्यावर किती माणसं किंवा किती किलो ते लिहिलेलं असतं. ती पाटी मालकानं रंगात बुजवू नये. इंजिन, पेट्रोलचा कॅन, जाळं, मासळीचे क्रेट, पोती हे सगळं वजनातच धरायचं. पाटी संथ पाण्यासाठी असते. वारं, लाट, ओढ असेल तर त्याहून कमी माणसं.

आत आलेल्या पाण्याचंही वजन असतं. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद तळाच्या बोटीत चार बोटं, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर पाणी साचलं तर ते सव्वादोनशे किलोच्या आसपास होतं. म्हणजे न सांगता चार माणसं जादा बसली. आणि हे पाणी जागेवर बसत नाही. बोट कलली की तिकडंच धावतं आणि बोट आणखी कलते. म्हणून पाणी दिसलं की लगेच उपसायचं.

बसताना दोन्ही बाजूंना सारखं वजन, सगळ्यांनी खाली बसायचं, काठावर नाही. उभं राहून फोटो, सेल्फी, रील हे बोट उलटायचं सोपं कारण आहे, कारण एक जण उभा राहिला की बाकीचे त्याच बाजूला वळतात.

कुठं आणि केव्हा जायचं नाही

बंधाऱ्याच्या खाली : मांजरा, तेरणा, गोदावरीवर जागोजागी बंधारे आणि बॅरेज आहेत. वरून पडणारं पाणी खाली गोल फिरतं आणि वस्तू परत भिंतीकडं ओढतं. त्यात जॅकेट घातलेला माणूसही अडकून फिरत राहतो. वरच्या बाजूनं आलेली बोट भिंतीवरून खाली जाते. दोन्ही बाजूंनी लांब राहणं, एवढाच उपाय आहे.

दरवाजे उघडणार असताना : विष्णुपुरीला १८ दरवाजे आहेत. वर जायकवाडी, येलदरी, सिद्धेश्वरमधून पाणी सुटलं की ते इथं येतं, तेव्हा नांदेडात पाऊस नसला तरी नदी चढते. धर्माबादकडं बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात आणि त्यानंतर बंद होतात. त्यामुळं तिथलं पाणी, काठ आणि खोली वर्षातून दोनदा बदलते. मागच्या महिन्यात पाहिलेला उतार या महिन्यात तिथं असेलच असं नाही. तलाठी, पोलीस पाटील यांच्याकडून इशारा आला की बोट बाहेर ओढून झाडाला बांधायची.

तारांखाली : पुरात पाणी वर चढतं, म्हणजे तारा खाली येतात. बोटीतला उभा माणूस किंवा वर धरलेलं वल्हं तारेला लागू शकतं. बोट काढण्याआधी महावितरणला फोन करून त्या भागातली लाईन बंद झाल्याची खात्री करावी. शेतकऱ्यांनी मोटर वर घ्यायला जाण्याआधी खांबावरून किंवा डीपीवरून वीज तोडावी, नुसतं स्टार्टरचं बटण दाबून नाही. ओल्या केबलमधून पाण्यात करंट उतरतो आणि त्यापुढं जॅकेट काही करू शकत नाही.

आभाळ आलेलं असताना : ढग काळे झाले, वारं एकदम पडलं किंवा थंड झुळूक आली की काठ गाठायचा. रात्रीची प्रवासी फेरी करायचीच नाही.

एकट्यानं : चप्पूवर एकटं जाणारा पडला तर कुणाला कळतही नाही. निघताना घरी किंवा काठावरच्या माणसाला सांगावं : कुठं चाललो, किती वाजता येणार. चप्पूला बकल नाही, काठ नाही, इंजिनची दोरी नाही. तिथं जॅकेट सगळ्यात जास्त गरजेचं आहे.

बोट उलटली तर

पालथी बोटही बहुधा तरंगते. तिला धरून राहा. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. काठाकडं पोहत सुटणाऱ्यापेक्षा बोटीला धरून थांबणारा सापडायची शक्यता जास्त. सगळ्यांनी एकत्र राहावं, लेकरं मध्ये घ्यावीत, शिट्टी वाजवावी, माणसं मोजावीत.

बोट हातातून सुटली आणि पाणी वाहतं असेल तर उताणं पडून, पाय पुढं, प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत. दगड, खांब पायाला लागलेला बरा, डोक्याला नको. उभं राहायचा प्रयत्न खोल ओढीत करू नये, पाय दगडात अडकतो. तिरकं पोहत हळूहळू काठाकडं सरकावं. झाडाच्या बुंध्यात, कुंपणाच्या तारेत अडकलेल्या पाण्यापासून लांब राहावं.

वाचवायला जाणाऱ्यानं उडी ही शेवटची गोष्ट समजावी. आधी हाक, मग काठी किंवा वल्हं पुढं करणं, मग दोरी-रिंग फेकणं, मग बोट. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि दोघं जातात. बोट न्यायची ती प्रवाहाच्या खालच्या बाजूनं, नाक वरच्या पाण्याकडं ठेवून. माणसाला बोटीच्या बाजूनं, खांद्याला धरून वर घ्यावं आणि तेव्हा बाकीच्यांनी समोरच्या काठाला वजन द्यावं.

बाहेर काढल्यावर काय करावं, काय करू नये

उलटं टांगणं, पोटावर दाब देणं, कुंभाराच्या चाकावर किंवा खांद्यावर पालथं घालून फिरवणं यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी-अन्न श्वासनळीत जातं. 'बुडालेल्याला मिठात ठेवा, जिवंत होतो' हा मोबाईलवर फिरणारा मेसेज धादांत खोटा आहे. त्यात गेलेला वेळ हाच जीव वाचवायचा वेळ असतो.

माणूस हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर एकानं १०८ ला फोन करावा, दुसऱ्यानं लगेच सुरुवात करावी. कडक जमिनीवर उताणं निजवा, कपाळ मागं करून हनुवटी वर उचला, नाक दाबून तोंडानं दोन श्वास द्या, छाती वर येते का बघा. मग छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून ३० दाब द्या. मोठ्या माणसाला साधारण पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत किंवा श्वास सुरू होईपर्यंत थांबू नका. दमल्यावर दुसऱ्यानं घ्यावं.

शुद्धीत आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

कायदा काय म्हणतो

नदी, तलाव, धरणावरच्या इंजिनच्या बोटींसाठी अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ आहे. जुन्या १९१७ च्या कायद्याच्या जागी तो आला. बोटीची तपासणी, नोंदणी, चालवणाऱ्याकडं प्रमाणपत्र, विमा, जीव वाचवायचं आणि आग विझवायचं सामान या गोष्टी त्यात येतात. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१७ मध्ये बोट सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

मुंबईत १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाकडं निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाची बोट धडकून मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर गेटवेवरून बोटीत बसणाऱ्यांना जॅकेट घालणं सक्तीचं केलं गेलं. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या बोटीत आपल्याकडंही प्रवाशानं जॅकेट मागून घ्यावं. मालक म्हणाला, 'एवढ्याशा पाण्याला काय जॅकेट?' तर त्या बोटीत बसू नये.

गावानं मृगाच्या आधी काय करावं

- बोट कुणाकुणाकडं आहे, चालवणारे कोण, पट्टीचे पोहणारे कोण, यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी.
- बोटीत जितकी माणसं, तितकी जॅकेटं आणि वर दोन जादा. त्यात लेकरांच्या मापाची वेगळी.
- जॅकेटं कुलपात ठेवली तर किल्ली दोघांकडं असावी. पूर रात्री येतो आणि किल्लीवाला गावाला गेलेला असतो.
- पुरात माणसं काढताना एक जण फक्त मोजायला उभा करावा : किती बसले, किती जॅकेटं, किती उतरले. तो 'बास' म्हणाला की सरपंचाचं माणूस असो की कुणाचं, बोटीत चढायचं नाही. आधी लेकरं, बाळंतिणी, म्हातारी, आजारी.
- एखाद्या रविवारी तलावाच्या काठावर सराव घ्यावा : जॅकेट घालणं, रिंग फेकणं, इंजिनची लाल दोरी ओढून इंजिन बंद होतं का बघणं. अर्धा दिवस पुरतो.

अडचणीच्या वेळी फोन : जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, राज्य नियंत्रण कक्ष १०७०, तातडीची मदत ११२, ॲम्ब्युलन्स १०८. फोनवर आधी गाव आणि तालुका सांगावा, मग नदीचा कोणता काठ, किती माणसं अडकली आणि गावात बोट आहे का ते. फोन करणाऱ्यानं आपला नंबर चालू ठेवावा.

बोटीत पाय ठेवण्याआधी काठावर थांबून एकदा बघावं : प्रत्येकाच्या अंगात जॅकेट आहे का, बकलं लागली आहेत का, लाल दोरी बांधली आहे का. एक मिनिट लागतो. तो झाल्याशिवाय इंजिनची दोरी ओढायची नाही.